घेवड्याची चार रोपं

४ फेब्रुवारी, मंगळवार सकाळ

चि. मनीस,

अनेक आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार, पिल्लूला पापा. मी मजेत आहे.

पत्र बघून दचकू नकोस. फोन जरा बिघडलाय. म्हणजे वाजतो, पण माझ्याकडून लागत नाही. बटणं कुठली कुठे दाबली जातात. मागच्या आठवड्यात तुला लावायला गेलो तो पाण्याचे कॅन पोचवणाऱ्याला लागला, आणि अर्ध्या तासात तो दोन कॅन घेऊन दारात उभा. आता ते पाणी संपवतोय. तेव्हा म्हटलं, पत्रच लिहावं. अक्षर मोठं आलंय ते या जाड पेनामुळे, दुसरं पेन सापडत नाहीये.

डिसेंबरात तू रागावून गेलीस, त्यावर मी काही लिहिणार नाही. मीही जास्त बोललो. 'मी काय सामान आहे का, उचललं आणि दुसऱ्या घरात ठेवलं' असं म्हणायला नको होतं. झालं ते झालं.

बातमी अशी की तुझा बाप माळी झालाय. हसू नकोस. इमारतीच्या मागे मोडक्या खाटा आणि फुटक्या कुंड्या पडलेल्या असायच्या ती जागा आठवते ना? तिथे आता आठ वाफे आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या पी.टी.च्या बाईंनी हे सुरू केलं. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी गळ्यात शिट्टी असते. सकाळी आठला शिट्टी वाजते, आणि ज्यांना गुडघे आहेत ते आणि ज्यांना नाहीत तेही खाली उतरतात. आम्ही सात-आठ म्हातारे, शिवाय कामावर जायच्या आधी हात लावून जाणारी दोन-तीन तरुण माणसं. कुणाचा वाफा कुणाचा असं नाही, सगळं सगळ्यांचं. वांगी, टोमॅटो, पालक, कडेला झेंडू. फक्त कुंपणाजवळचा एक कोपरा तळमजल्यावरच्या आजींचा. त्या चौऱ्याऐंशीच्या आहेत, त्यांना तेवढी सूट.

आजींकडे घेवड्याचं बी होतं. त्यांच्या आईच्या परसातलं, लग्नात बरोबर आणलेलं. दरवर्षी लावायचं आणि दरवर्षी पुढच्यासाठी बी ठेवायचं, असं त्यांनी साठेक वर्षं चालवलं. मग अंगणाचं घर सुटलं आणि बी नऊ वर्षं बरणीत पडून राहिलं. तळाशी अकरा दाणे उरले होते. आजींनी अकराही पेरले. चार उगवले. त्या दिवशी बाईंनी शिट्टी वाजवून सगळ्यांना बोलावलं होतं, एवढंसं ते बघायला.

आणि समोरच्या जिन्याने पहिल्या मजल्यावर राहतो तो कंडक्टर. तू त्याला ओळखतेस, तुझी सायकल जिन्यात होती म्हणून त्याने हवा सोडली होती. बागेला त्याचाच विरोध होता, तिथे त्याची स्कूटर लागायची. आठ दिवस खिडकीतून कुरकुरला, नवव्या दिवशी कुदळ घेऊन खाली आला. आता सगळ्यात जास्त तोच खणतो. नळापाशी रांग लागली की 'चला, पुढे सरका, मागे जागा नाही' म्हणून ओरडतो. बायको जाऊन चार वर्षं झाली, या चार वर्षांत त्याला कुणी हसताना बघितलं नव्हतं म्हणे.

डोळ्यांचं विचारशील म्हणून आधीच लिहितो. ठीक चाललंय. इंजेक्शनं वेळेवर घेतोय.

पत्र लिहायला वेळ होत नसेल तर राहू दे.

तुझे,
बाबा


२३ फेब्रुवारी, रविवार

चि. मनीस, आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. पिल्लूने काढलेलं चित्र छान आहे. घोडा ना?

इथे सगळं ठीक. म्हणजे तसं ठीक. पाणी एक दिवसाआड येतंय. जिन्यातला दिवा गेलाय, तो कुणी लावत नाही. मी रोज ठरवतो की आज कपाट आवरायचं, आणि रोज दार उघडून उभा राहतो आणि बंद करतो. दुकान होतं तेव्हा बरं होतं. हाताखाली घड्याळ असलं की बाकी काही सुचत नसे. आता दिवसभर या खोलीतून त्या खोलीत. काल पाच वेळा खाली गेलो, आणि का गेलो ते खाली गेल्यावर आठवेना.

बागेत एक वाईट गोष्ट झाली. आजींची घेवड्याची रोपं कुणीतरी उपटली. चारही.

गुरुवारी सकाळची गोष्ट. आठ वाजता आजी नेहमीसारख्या आपला छोटा तांब्या घेऊन आल्या, कोपऱ्याशी वाकल्या आणि तशाच राहिल्या. आम्हाला वाटलं, कंबर धरली. बाई धावल्या. आजी म्हणाल्या, "माझा घेवडा कुठाय?" एवढंच. रडल्या नाहीत. तांब्यातलं पाणी त्या मोकळ्या मातीत ओतलं आणि तिथल्या विटेवर बसून राहिल्या.

मग जे व्हायचं तेच झालं. कुणीतरी आठवण काढली की आदल्याच दिवशी कंडक्टर आजींशी भांडला होता. आजींना वेलासाठी काठ्या रोवायच्या होत्या, त्या बरोबर त्याच्या स्कूटरच्या वाटेत येत होत्या. तो रागात म्हणाला होता, "उपटून टाकीन एक दिवस सगळं." काठ्यांबद्दल म्हणाला होता की रोपांबद्दल, देव जाणे. तो तेवढ्यात खाली उतरलाच. बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "हे तुम्ही केलंत?"

त्याने इकडेतिकडे बघितलं. माझ्याकडेही बघितलं असेल, गर्दीत मला नीट कळलं नाही. मग म्हणाला, "बरं." खांद्यावरची कुदळ भिंतीला टेकवली आणि वर गेला. त्या दिवसापासून तो आलेला नाही. खिडकीही बंद असते.

सगळे म्हणतात, त्यानेच केलं. नाहीतर बोलला नसता का?

मी काही म्हणालो नाही. माझ्याकडे सांगण्यासारखं काय होतं? आणि खरं सांगायचं तर मनी, कोवळं असताना तण काय आणि रोप काय, सारखंच दिसतं. कुणाचाही हात चुकू शकतो. मुद्दाम केलं असेल असं कशाला धरून चालायचं? मी हे बाईंना म्हणणार होतो. राहून गेलं.

जेवण नीट होतं. काळजी करू नकोस. चार ओळी लिहायला बसलो आणि दोन पानं झाली, तीही सगळी दुसऱ्यांचीच.

बाबा


९ मार्च, रविवार दुपार

मनी,

हे पत्र एकटी असताना वाच.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. त्याच्या आधीच्यातही. आता सरळ लिहितो, नाहीतर पुन्हा पाणी, जिना आणि कपाटावर जाईन.

रोपं मी उपटली.

त्या गुरुवारी तण काढायची पाळी माझी होती. मी आठच्या आधी जातो, सगळे यायच्या आत उरकतो. कारण मला दिसत नाही ते कुणाला दिसू नये म्हणून. डाव्या डोळ्याने मधोमध काहीच दिसत नाही. राखाडी ठिपका आहे, जिथे बघावं तिथे तो आधी जाऊन बसतो. उजव्यातही आता तो सुरू झालाय. कडेचं दिसतं. तेव्हा मी तिरका बघतो आणि हाताने चाचपतो. खुरपं एका हातात, दुसऱ्या हाताने पानं. कुंपणापर्यंत कधी सरकलो ते कळलं नाही. उपटलं, मागच्या खताच्या खड्ड्यात टाकलं, हात झटकले.

आजींनी विचारलं तेव्हा मी बोट नाकाशी नेलं. बोटांना शेंगेचा हिरवा वास येत होता. त्याच क्षणी मला कळलं. नंतर नाही, त्याच क्षणी. कंडक्टर खाली यायच्या आधी. मला बोलायला भरपूर वेळ होता.

मी बोललो नाही, कारण बोललो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, तुम्हाला दिसलं नाही का? मग बाई तुला फोन करणार, तू येणार, आणि घराला कुलूप.

आणि इंजेक्शनं. मी दोनच घेतली, मनी. ऑगस्टपासून गेलेलो नाही. तू विचारायचीस आणि मी हो म्हणायचो. डोळ्यात सुई घ्यायला भितो, हे एक झालंच. पण खरं कारण वेगळं. दुसऱ्या खेपेला बाकावर माझ्या शेजारी माझ्याच वयाचा एक माणूस होता. त्याची मुलगी कामावर सुट्टी टाकून आली होती. त्याला हाताला धरून आत नेलं, बाहेर आणलं, बूट घातले. सगळं मायेने. पण दर दोन मिनिटांनी ती मनगटावर बघत होती. मी घड्याळजी, माझं लक्ष तिथेच जाणार. मी तिथून घरी आलो आणि पुन्हा गेलो नाही. दुकान बंद केलं तेही जागेच्या मालकामुळे नाही. मला स्क्रू दिसेना झाले होते.

आता कालचं सांगतो. सोळा दिवस मी नुसता येरझाऱ्या घालत होतो. बागेत जायचो, कंडक्टरच्या बंद खिडकीकडे तिरकं बघायचो, परत यायचो. काल सकाळी उठलो तो चप्पल घालून थेट त्याच्या दारात. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. त्याने दार उघडलं. मी म्हटलं, "बसू का जरा?"

तो म्हणाला, "बसा. इतक्या दिवसांनी आलात."

मी म्हटलं, "ती रोपं..."

"तुम्ही उपटलीत. मला माहीत आहे. मी खिडकीत दात घासत होतो."

मी म्हटलं, "मग बोलला का नाहीत?"

"पस्तीस वर्षं तिकिटं फाडली. कोण कसा चढतो, कोण कुठे हात टाकतो, सगळं दिसतं आम्हाला. तुम्ही आंधळ्यासारखे चाचपत होतात. हाक मारणार होतो, तोवर चारही उपटून झाली होती. आधी वाटलं, जाऊ दे, सगळ्यांसमोर कशाला. हा माणूस आत्ता स्वतःहून बोलेल. तुमच्याकडे बघितलंही. तुम्ही भलतीकडेच बघत होतात." मग खुर्ची ओढून बसला. "दुसऱ्या दिवशी वाटलं, आज बोलेल. मग राग यायला लागला. दिवस मोजत होतो मी. म्हटलं, बघू किती होतात."

मला त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण आवाज ऐकत होतो.

तो उठला, गॅलरीत गेला आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणून माझ्या मांडीवर ठेवला. "हात लावून बघा. हळू."

मातीत एक काडी होती. तिला दोन पानं, आणि वर तिसरं, उलगडायच्या बेतातलं. त्या दुपारी सगळे जेवायला गेल्यावर त्याने खड्ड्यातून चारही रोपं उकरून आणली होती. तीन गेली. एक धरलं.

मी म्हटलं, "अहो, मग हे खाली न्यायचं ना! आजी किती..."

तो असा हसला की मला ऐकवेना. "मी नेऊ? माझ्या घरातून रोप निघालं तर काय म्हणतील? चोराने माल परत आणला म्हणतील. ते रोप वाढतंय तसा मीच इथे अडकत चाललोय. तुम्ही बोललात तरच ते बाहेर निघणार."

डबा आता माझ्या टेबलावर आहे. उद्या आठला शिट्टी झाली की घेऊन जाणार. हे लिहिताना चार वेळा उठून त्याच्यावर हात फिरवून आलो. जिवंत आहे.

तुला हे आधी कळवतोय, कारण उद्या पाय मागे घेतले तर निदान एका माणसाला खरं माहीत असावं.

तू रागाव. तुझा हक्क आहे.

बाबा


१६ मार्च, रविवार

मनी, आशीर्वाद.

हे अक्षर माझं नाही हे तू ओळखलंच असशील. कंडक्टर लिहितोय. मी सांगतो, तो लिहितो, आणि मध्ये मध्ये हुज्जत घालतो. मागचं पत्र पोस्टात टाकायच्या आधी त्याला दाखवलं तर म्हणाला, यातल्या अर्ध्या ओळी एकमेकींवर चढल्यात, पोरीने वाचायच्या कशा?

तुझा फोन आला तेव्हा मी नीट बोललो नाही. तू रडायला लागलीस आणि मला सुचेना. म्हणून पुन्हा पत्र.

सोमवारी मी गेलो. डबा दोन्ही हातांत धरून जिना उतरलो, कठडा न धरता. कंडक्टर आला नाही, म्हणाला, हे तुमचं काम. सगळे वाफ्यांशी होते. मी मध्ये उभा राहिलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. डोळे, गुरुवार, खड्डा, कंडक्टर. पाइपचं पाणी नुसतंच वाहत होतं, मग कुणीतरी नळ बंद केला. बाई म्हणाल्या, "पण तुम्ही तेव्हा काही बोलला नाहीत." मी म्हटलं, "तेच तर सांगतोय."

आजींनी डबा घेतला. पान दोन बोटांत धरून बघितलं. मग मला विचारलं, "तुम्हाला दिसत नाही, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग हात कशाला घातलात?"

मी म्हटलं, "आजी, कळलं असतं तर तुम्ही मला बागेतून काढलं असतं, असं वाटलं."

त्या म्हणाल्या, "आणि आम्ही त्याला काढलं, ते चाललं तुम्हाला."

मनी, आयुष्यात मला पुष्कळ लोक बोलले, तुझी आईही बोलायची. असं कुणी बोललं नव्हतं.

मग त्यांनी काठी घेतली, दुसऱ्या हातात डबा घेतला आणि समोरच्या जिन्याकडे निघाल्या. बाई म्हणाल्या, "आजी, मी बोलावून आणते ना त्यांना." आजी वळल्यासुद्धा नाहीत. गेल्या दोन वर्षांत त्यांनी जिना चढलेला नाही. मध्ये दोनदा पायरीवर बसल्या, आम्ही खाली उभे राहून काठीचा आवाज ऐकत होतो. मग घंटा वाजली, दार उघडलं.

आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. कंडक्टरला माहीत आहे, पण इथे त्याने पेन खाली ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत बसला. असू दे.

तो खाली येतो आता. सगळ्यांशी बोलतो असं नाही. बाईंनी माफी मागितली तेव्हा फक्त 'बरं' म्हणाला, त्या दिवशीसारखाच. नळाची रांग शांत असते. ते लगेच पूर्वीसारखं होणार नाही आणि ते मोडलंय मी, हे मला रोज ऐकू येतं. आजी माझ्याशी अजून बोलत नाहीत. जवळून जाताना काठी जरा जोरात आपटतात, एवढंच. मला तण काढायला बंदी आहे. मी खत चाळतो, ढेकळं फोडतो. हातांना काम आहे. घेवडा आजींनी पुन्हा कोपऱ्यात लावलाय, भोवती विटा रचल्यात. बी धरेल की नाही ते आत्ताच कुणी सांगू शकत नाही.

बुधवारी डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. कंडक्टर बरोबर होता. डॉक्टर बाईंनी झापलं. डावा गेला तो गेला. उजव्यातलं आहे तेवढं बहुतेक टिकवता येईल, दर महिन्याला आलात तर. इंजेक्शन घेतलं. मी ओरडलो नाही. (कंडक्टर म्हणतो ओरडलो, आणि तो ते लिहिणारच म्हणतो.) पुढची तारीख ९ एप्रिल.

घर विकायचं की ठेवायचं, मी तुझ्याकडे यायचं की नाही, ते मला माहीत नाही. पूर्वी माहीत होतं, आता नाही. ते आपण बसून बोलू. मी ओरडणार नाही. मुकाट्याने हो म्हणेन असंही नाही.

तू विचारलंस, 'बाबा, मी तुम्हाला दिसते का?' फोनवर मी विषय बदलला. त्याचं उत्तर देतो. डिसेंबरात तू समोर बसून भांडत होतीस तेव्हा मला तुझे केस दिसत होते, कान दिसत होते, मांडीवरचे हात दिसत होते. चेहरा दिसत नव्हता. तू किती रागावलीस ते मला कळलंच नाही, आणि मी बोलत सुटलो.

तेव्हा ये. जमेल तेव्हा ये. आलीस की समोर बसू नकोस, माझ्या शेजारी बस, उजव्या अंगाला. तिथून तू मला अजून दिसतेस.

वाट बघतो,
तुझे बाबा